जाहीर आवाहन : काठी खाली ठेवा, आधी खुराडं नीट करा

खारबाव आणि पंचक्रोशीतल्या, परसात कोंबड्या पाळणाऱ्या सर्व घरांना आमच्या मंडळाचं कळकळीचं आवाहन.

गेल्या आठवड्यात आपल्याच गावात एका परसात धामण मारली. खुराड्याभोवती मासेमारीचं जुनं जाळं गुंडाळलेलं होतं, त्यात ती अडकली. तंगूस खवल्यांखाली इतका रुतला होता की तिला पुढे सरकता येईना, मागे येता येईना. सोडवायला घरातली कात्री पुरली असती. पण आला बांबू. ठेचून झाल्यावर कुणीतरी पोट फाडून पाहिलं, तर आत दोन उंदीर. खुराड्यात कोंबडी अंड्यांवर जशीच्या तशी बसलेली, एकही अंडं कमी नाही. मग त्या पराक्रमाचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरला आणि शाबासकीचे अंगठे पडले.

लाज वाटली पाहिजे. नागपंचमीला वारुळाला हळदकुंकू वाहणारे हात हेच ना?

आमच्या मंडळाची पोरं कित्येक वर्षं रात्री-अपरात्री, भर पावसात, बोलावणं आलं की साप सोडवायला धावतात. कुणाकडे पेट्रोलचा पैसा मागितलेला नाही. तरी फोन येतो तो बहुतेक वेळा साप मेल्यावर, "येऊन बघा कुठला आहे" म्हणून. मेलेल्या सापाची जात विचारायला आम्हाला उठवू नका. जिवंत असताना उठवा.

आता मुद्द्याचं. साप खुराड्याशी येतो तो मुळात उंदरांमागे. आपण कणी, कोंडा, तूस उघड्यावर टाकतो, सांडलेला दाणा रात्रभर तसाच राहतो. त्यावर उंदीर आणि घुशी येतात, खुराड्याच्या बुडाशी बिळं करतात आणि त्याच बिळांत पुढे साप राहायला येतो. अंडी, पिल्लं त्याला आयती मिळतात. धामण पिल्लू उचलते, नाग अंडी गिळतो, हे आम्हीही नाकारत नाही. पण पिल्लांची नासाडी घूससुद्धा करते आणि नाव सापाचं होतं. धामण मारली की उंदरांना मोकळं रान. मग भातशेतीत उंदीर, घरात उंदीर, आणि पावसाच्या पाण्यात उघड्या पायांनी चालणाऱ्याला लेप्टोची भीती. भात कुरतडला म्हणून रडायचं आणि उंदीर खाणारीलाच मारायचं, हा कुठला शहाणपणा?

त्यात आपल्याकडची परिस्थिती बघा. जिकडेतिकडे भराव पडतोय, शेतं बुजवून गोदामं उभी राहतायत. उरलेल्या खाचरांत आषाढात पाणी चढतं, बिळं बुडतात. साप उंचवट्याला येणार, आणि उंचवट्यावर आपलीच घरं आहेत. घोणस तर पावसाच्या तोंडावर पिल्लंच देते, एका वेळी वीस-तीससुद्धा. अशा वेळी परसात कौलांचा, विटांचा, फाट्यांचा ढीग ठेवणं म्हणजे सापाला भाड्याने खोली देणं.

काहीजण म्हणतात, धामण शेपटीने मारते, गाईचं दूध पिते, डूख धरते. यावर वेळ घालवणार नाही. फिनेल, डांबरगोळ्या, लसूण यांनी साप पळतो म्हणणाऱ्यांनीही पैसे वाचवावेत. उंदरांचं विष टाकलंत तर आधी कोंबडीच मरेल.

कायदाही ऐका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, 2022 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. धामण, नाग, अजगर पहिल्या अनुसूचीत आहेत. मारल्यास तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. व्हिडिओ टाकणाऱ्याने स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच वाटला, एवढंच.

काय करायचं, ते घाईत पण स्पष्ट सांगतो :

1. मासेमारीचं जाळं आजच काढा. षटकोनी कोंबडीजाळीही पुरत नाही, तिच्या भोकांतून लहान साप सहज जातो. पाव इंची तारेची जाळी लावा, खुराडं जमिनीवरच असेल तर ती बुडाला फूटभर जमिनीत गाडा.
2. जमत असेल तर खुराडं जमिनीपासून दोन फूट उचला. दाराला फट नको. दिवेलागणीच्या आधी दार लावा.
3. अंडी रोज संध्याकाळी काढा. खुडूक कोंबडी बसवायची तर बंद खुराड्यातच बसवा, फाट्यांच्या आडोशाला डालग्याखाली नको.
4. दाणा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. सांडलेलं रात्रीपूर्वी झाडून घ्या.
5. बिळं बुजवा. पेंढा, गोवऱ्या, फाटी, कौलं घरापासून आणि खुराड्यापासून लांब रचा.
6. अंधारात खुराड्यात हात घालू नका. आधी बॅटरी मारा. कोंबड्या ओरडल्या म्हणून अनवाणी धावत सुटू नका.
7. साप दिसला तर लांबून नजर ठेवा, मुलं-कुत्री आवरा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. मण्यार आणि कवड्या यांत भलेभले फसतात. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे पुसट, कवड्याचे मानेपासूनच ठळक. पण ओळखलं म्हणून हात लावायचा नाही.

आणि दंश झाला तर? इथेच आपलं गाव सगळ्यात जास्त चुकतं. 2000 ते 2019 या काळात देशात सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशाने गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, बहुतेक खेड्यातले. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतही नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात आणि घरचे म्हणतात "बाहेरचं काहीतरी आहे". भगताकडे नेतात. तिथे गेलेला प्रत्येक तास जिवावर बेततो.

घट्ट बांधू नका, कापू नका, चोखू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, धीर द्या, 108 ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने निघा. आपल्याच गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पुढे भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते. साप मारून सोबत नेण्याची काही गरज नाही. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर आणि नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी खेड्यातच उपचार करून असंख्य जीव वाचवले, कारण रुग्ण त्यांच्यापर्यंत पोचले. आणखी एक : शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला दोन लाख मिळतात, पण डॉक्टरी कागद लागतात. भगत कागद देत नाही.

येत्या रविवारी सकाळी मंडळाची पोरं आळीआळीने फिरतील, जाळी ठोकायला, बिळं बुजवायला मदत करतील. जाळीचा खर्च ज्याचा त्याने करायचा, मजुरी आमची. गटारीला कापायच्या कोंबडीवर पैसे खर्च होतात, तर तिच्या घरावरही होऊ द्या. ज्यांना मदत नको त्यांनी निदान जाळं काढून ठेवा. आणि ज्याच्या खुराड्याशी यापुढे साप मारला जाईल, त्याची खबर आम्ही स्वतः वनविभागाला देणार, मग तो आपल्या भावकीतला असो की मंडळातला.