सिंहासन गेले, साम्राज्य गेले काय?

इ. स. 1912 च्या फेब्रुवारी महिन्याच्या 12 तारखेस पेकिंगच्या राजवाड्यातून सहा वर्षांच्या पु-यी बादशहाच्या नावे पदत्यागाचे फर्मान निघाले, आणि इ. स. पूर्व 221 पासून चालत आलेली चीनची साम्राज्यसत्ता त्या दिवशी संपुष्टात आली, असे शालेय पुस्तकांपासून जाडजूड ग्रंथांपर्यंत सर्वत्र निःशंकपणे लिहिलेले आढळते. या विधानाचा पूर्वार्ध सत्य आहे, उत्तरार्ध असत्य आहे. आणि त्या असत्याकडे इतर कोणी काणाडोळा केला तरी नवेगाव बांधात राहणाऱ्याने तो करू नये. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडच्या रानाला लागून, 1972 पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत वसलेली आहे. रोवणीच्या दिवसांत तेथील बांध्यांतून आपल्या बांध्यांसारखाच चिखल तुडवला जातो, धानाचे परे तसेच लावले जातात. मात्र घरांवर मंत्र छापलेल्या पंचरंगी पताका फडफडत असतात. चीनची साम्राज्यसत्ता जर 1912 मध्येच लयाला गेली होती, तर हिमालयापलीकडची ही माणसे झाडीपट्टीत येऊन धान का लावीत आहेत?

क्रांतिपक्षाची बाजू आधी तिच्या बलवत्तर स्वरूपात मांडली पाहिजे. मांचू घराण्याने राज्य करण्याचा नैतिक अधिकार केव्हाच गमावला होता, यात संशय नाही. अफूच्या युद्धातील मानहानी, 1895 मधील जपानकडून झालेला पराभव, बॉक्सर बंडानंतर 1901 मध्ये लादली गेलेली 45 कोटी ताएलांची खंडणी, आणि शेवटी 1911 साली प्रांतिक भागधारकांचे लोहमार्ग सरकारजमा करून ते परकीय कर्जाच्या हवाली करण्याचा अविचार, इतके झाल्यावर सेचुआन प्रांत पेटला नसता तरच नवल. 9 ऑक्टोबरला हान्कोव येथे क्रांतिकारकांच्या हातून अकस्मात बाँब फुटला, सभासदांची यादी पोलिसांच्या हाती पडली, आणि आता मरायचेच तर लढून मरू म्हणून दुसऱ्या दिवशी वूचांगच्या सैनिकांनी उठाव केला. क्रांतिकारकांचे नेते सुन यत-सेन त्या वेळी अमेरिकेत होते. अशा क्रांतीविषयी मला आदरच आहे, आणि राजघराणे गेले म्हणून हळहळणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसत नाही.

परंतु त्या फर्मानाचा मजकूर वाचावा. बादशहा सिंहासन सोडतो खरा. पण सोडता सोडता मांचू, हान, मंगोल, मुसलमान आणि तिबेटी या पाच जमातींचा अखंड मुलूख मिळून एक महान चिनी प्रजासत्ताक व्हावे, अशी तजवीजही करून जातो. घरदार सोडून निघालेल्या माणसाने शेजाऱ्याचे शेतही आपल्या वारसाच्या नावे लिहून द्यावे, त्यातलाच हा प्रकार होय. क्रांतिकारकांनी बादशहाचे सर्व काही त्याज्य ठरवले, एवढी एक तरतूद मात्र शिरोधार्य मानली: मार्च 1912 च्या हंगामी राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमात तिबेट व मंगोलिया हे प्रजासत्ताकाचा मुलूख म्हणून नोंदले गेले, आणि नव्या पाचपट्टी ध्वजातील काळा पट्टा तिबेट्यांच्या वाट्यास आला. तो पट्टा तुम्हांस हवा काय, असे ल्हासाला कोणी विचारले नाही.

ल्हासाने न विचारताच उत्तर दिले होते. फेब्रुवारी 1910 मध्ये बादशाही फौज ल्हासात शिरली तेव्हा तेरावे दलाई लामा हिंदुस्थानात आश्रयास आले होते. चीनमधील क्रांतीची वार्ता पोहोचताच त्या फौजेत बंडाळी माजली, तिबेट्यांनी तिला शस्त्रे खाली ठेवावयास लावून हिंदुस्थानच्या मार्गाने परत पाठवले, आणि पेकिंगचा नवा अध्यक्ष युआन शिकाय याने आपण लामांची पदवी बहाल करीत असल्याचे कळवले तेव्हा, चीन सरकारकडून मला कोणतीही पदवी नको, असा जबाब गेला. 13 फेब्रुवारी 1913 रोजी त्यांनी जे घोषणापत्र काढले त्यात तिबेट आणि चीनचे बादशहा यांचा संबंध गुरू आणि आश्रयदाता असा होता, स्वामी आणि सेवक असा नव्हता, हे स्वच्छ सांगितले आहे. आश्रयदातेपण व्यक्तीशी आणि तिच्या घराण्याशी बांधलेले असते. ते घराणेच उरले नाही तेव्हा त्या नात्याचा वारसा सांगणारा अध्यक्ष युआन कोणत्या सनदेवर उभा होता?

येथे विधिज्ञ उठून म्हणतील की जुन्या राज्याचा मुलूख नव्या राज्याकडे जातो हा सर्वमान्य दंडक आहे, आणि स्वतंत्र भारतानेही ब्रिटिशांच्याच सरहद्दी घेतल्या नाहीत काय? आक्षेप वजनदार आहे, पण तो नेमक्या मर्मस्थानी लंगडा पडतो. 1947 च्या हिंदी स्वातंत्र्याच्या कायद्याने संस्थानांवरील सार्वभौमत्व भारताच्या पदरात घातले नाही. ते लुप्त झाले असे जाहीर केले, आणि म्हणूनच एकेका संस्थानिकाकडून सामीलनाम्यावर सही घ्यावी लागली. हैदराबादेत बळ वापरले गेले, हे मराठवाड्याशी नाते असलेला कोणीही नाकारणार नाही. पण निजामाविरुद्धचा लढा तेथील प्रजेने आधीच उभारला होता, आणि 1952 च्या निवडणुकीत त्याच प्रजेने मतपेटीत मत टाकले. ल्हासाच्या वाट्याला ती मतपेटी आजतागायत आलेली नाही.

साम्यवाद्यांचा अपराध तर अधिक मोठा, कारण ते अज्ञानी नव्हते. नोव्हेंबर 1931 मध्ये च्यांगशी प्रांतात त्यांनी जे सोव्हिएत प्रजासत्ताक स्थापिले त्याच्या घटनेत मंगोल, तिबेटी आदी जमातींना फुटून निघून स्वतंत्र राज्य करण्याचा हक्क स्पष्ट अक्षरांत मान्य केलेला होता. सत्ता दूर होती तोवर तत्त्व जवळ होते. सत्ता हाती येताच ऑक्टोबर 1950 मध्ये त्यांचे सैन्य चामदोवर चालून गेले, आणि 23 मे 1951 रोजी सतरा कलमी करार तिबेटी प्रतिनिधींच्या गळ्यात मारण्यात आला. मांचूंनी जे अधूनमधून आणि अर्धवट केले, ते क्रांतीने पुरतेपणी केले.

यावर पुरोगामी मंडळींचे ठरलेले प्रत्युत्तर असे की तिबेटात मठांची आणि सरदारांची जमीनदारी होती, रयत भरडली जात होती, तेव्हा क्रांतीने तिची मुक्तताच केली. जमीनदारी होती, हे खरे. पण आमच्या या मुलखातही मालगुजारी होती; गावचा मालगुजार तलावाच्या पाण्यापासून जंगलातील निस्तारापर्यंत सर्वांवर हुकमत गाजवीत होता, आणि वेठही घेत होता. ती मोडली कोणी? नागपूरच्या विधिमंडळात बसलेल्या येथल्याच लोकप्रतिनिधींनी 1950 चा मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा केला, आणि 31 मार्च 1951 रोजी, म्हणजे तो सतरा कलमी करार होण्याच्या आधी आठ आठवडे नाहीत तोच, मालगुजार पायउतार झाला. परकी फौज नवेगावच्या पाळीवर चढली नाही, वाजिब-उल-अर्ज या गावदप्तरातील रयतेचे हक्क सांगावयास कोणी दुभाषा लागला नाही. तेथून पुढे सरकार स्वतःच तलावांचे मालक होऊन बसले, याची खंत निराळी; परंतु त्याविरुद्ध बोलण्याची, ग्रामसभेत ठराव करण्याची, निवडणुकीत सरकार बदलण्याची वाट येथल्या शेतकऱ्याला मोकळी राहिली. रयतेला जमीनदारापासून सोडवण्याचे काम रयतेचेच आहे, आणि जो तिला सोडवून नंतर घरी परत जात नाही तो नवा जमीनदारच समजावा.

आता एवढ्या वर्षांनी हा वाद शिळा झाला, असे म्हणणारेही आहेत. त्यांच्यासाठी एकच गोष्ट नमूद करतो. मार्च 1959 मध्ये ल्हासा सोडून भारतात आलेल्या चौदाव्या दलाई लामांनी 2011 साली आपले सर्व राजकीय अधिकार लोकनिर्वाचित नेत्याच्या स्वाधीन केले. चारशे वर्षांच्या जवळपास चालत आलेले धर्मपीठाचे राजकीय धनीपण त्यांनी कोणा सेनापतीच्या दबावाखाली सोडले नाही, आणि सोडताना दुसऱ्या कोणाचा मुलूख कोणाच्या नावे करूनही दिला नाही. जानेवारी आणि एप्रिल 2021 मध्ये त्या नेतृत्वासाठी देशोदेशींच्या निर्वासितांचे मतदान झाले. त्यात गोठणगावजवळच्या या वसाहतीतील तिबेट्यांनाही मत होते.