गाठीची ओळख आणि औषधाची मात्रा

आमच्या सोनाळ्यात, किंबहुना साऱ्या संग्रामपूर तालुक्यात, कोणाला कर्करोग झाल्याची वार्ता आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कितवी स्टेज?" उत्तर पहिली वा दुसरी असे आले तर ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो, तिसरी वा चौथी आले तर बोलणे तिथेच थांबते आणि घरातील जाणती माणसे वावराचा सात-बारा काढून बसतात. स्टेज म्हणजे रोग शरीरात किती दूर पसरला आहे याचे मोजमाप. ते महत्त्वाचे आहे, यात शंका नाही. परंतु रोगी किती जगेल आणि कोणते औषध त्याला लागू पडेल, या दोन प्रश्नांची उत्तरे केवळ त्या मोजमापावरून देता येत नाहीत, हे वैद्यकशास्त्राने गेल्या दोन-तीन दशकांत पुरते सिद्ध केले आहे. या ज्ञानाचा खेड्यातील कुटुंबाच्या खर्चाशी निकटचा संबंध असल्यामुळे अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्याविषयी लिहिणे अनाठायी ठरू नये.

एकाच वयाचे, एकाच अवयवाची आणि एकाच स्टेजची गाठ असलेले दोन रोगी. एक वर्षभरात जातो. दुसरा दहा वर्षांनी नातवाच्या लग्नात पंगत वाढताना दिसतो. आपण याला नशीब म्हणतो. त्या नशिबाचा काही भाग आता प्रयोगशाळेत वाचता येतो. पेशींच्या जनुकांत बिघाड साचत गेला की त्या अनिर्बंध वाढू लागतात, हे कर्करोगाचे मूळ. पण प्रत्येक गाठीतला बिघाड सारखा नसतो. आपल्याकडच्या मुखाच्या कर्करोगाचेच पाहा. कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था यांनी मिळून हिरडी व गालाच्या आतील भागाच्या कर्करोगाच्या ११० भारतीय रुग्णांच्या गाठींचा जनुकीय अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. खर्रा, गुटखा आणि तंबाखू-चुन्यामुळे होणारा हाच तो रोग. (गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते, हे कोणत्याही पानठेल्यासमोर पाच मिनिटे उभे राहिले तरी कळते.) बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या गाठींचे जनुकांच्या दृष्टीने निरनिराळे गट पडतात आणि त्यांतील काही गटांतील रुग्ण उपचारानंतर इतरांहून अधिक काळ रोगमुक्त राहतात, असे त्यात आढळले. म्हणजे रोगाचे नाव एक, परंतु भवितव्ये अनेक.

दुसरी बाजू रोग्याच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीची. रक्तातील टी पेशी बिघडलेल्या पेशींना ओळखून मारतात. ज्या गाठीत या पेशी मोठ्या संख्येने शिरलेल्या असतात, त्या गाठीचा रोगी बहुधा अधिक जगतो. आतड्याच्या कर्करोगात हे विशेष स्पष्ट दिसते. मात्र या पेशींना निसर्गानेच आवर घातलेला असतो, कारण त्या मोकाट सुटल्या तर निरोगी अवयवांवरही तुटून पडतील. पीडी-१ नावाचा असा एक आवर जपानच्या तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेला १९९२ साली सापडला. अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांनी असाच दुसरा आवर दूर करून गाठी विरतात हे दाखविले. दोघांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गाठ या आवराचा गैरफायदा घेऊन पहारेकऱ्यालाच झोपवते; नवी औषधे त्याला जागे करतात. ही औषधे सर्वांना लागू पडत नाहीत, आणि ती भयंकर महाग आहेत.

येथे अर्थशास्त्राचा प्रवेश होतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका प्रमुख प्रकारात भारतीय रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याच्या गाठीत ईजीएफआर या जनुकात विशिष्ट बदल असतो. त्यांना एक साधी गोळी केमोथेरपीहून सरस ठरते. उरलेल्यांना तीच गोळी पहिला उपचार म्हणून देणे म्हणजे वेळ दवडणे. आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात के-रॅस जनुक बिघडलेले असेल, तर सेटुक्सिमॅब हे महागडे इंजेक्शन निरुपयोगी ठरते. माझ्या परिचयातील एका शेतकऱ्याने याच इंजेक्शनांसाठी दोन एकर वावर विकले. गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी झाली ती नंतर, दुसऱ्या रुग्णालयात. आणि ते औषध त्याच्यावर चालणारे नव्हतेच, असे निघाले. गरीब देशाला अशा तपासण्यांची चैन कशी परवडणार, असे विचारणाऱ्यांनी त्या दोन एकरांचा हिशेब मांडावा.

दुसरा प्रश्न मात्रेचा. डोके व मान यांच्या बऱ्या न होणाऱ्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. सर्वांना गोळ्यांचा स्वस्त उपचार होता. निम्म्यांना त्याबरोबर निव्होलुमॅब हे पीडी-१ चा आवर सोडविणारे औषध दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम दिले. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. म्हणजे सहा आठवड्यांत ७२० च्या जागी ४०, अठरावा हिस्सा. वर्षाअखेर केवळ गोळ्या घेणाऱ्यांपैकी १६.३ टक्के हयात होते, औषधाची जोड मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. ही अल्प मात्रा पूर्ण मात्रेच्या बरोबरीची आहे, असे यावरून सिद्ध होत नाही, कारण तुलना पूर्ण मात्रेशी नव्हतीच. परंतु ज्या रुग्णाला पूर्ण मात्रा कधीच मिळणार नाही, त्याच्यापुरता प्रश्न सुटतो. यात चमत्कार नाही. टी पेशींवरील बहुतेक पीडी-१ अगदी थोड्या औषधानेच व्यापले जातात, हे प्रारंभीच्या अभ्यासांतच दिसले होते. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त आम्ही वर्गात भाकरीचे उदाहरण देऊन शिकवितो. चौथ्या भाकरीनंतरच्या भाकरीचे मोल फारसे उरत नाही. पण अठरा भाकऱ्या विकणारा दुकानदार एका भाकरीने पोट भरते का याचा शोध स्वतःच्या खर्चाने घेणार नाही. तो शोध सार्वजनिक पैशानेच व्हावा लागतो आणि टाटा हे सार्वजनिक रुग्णालय असल्यानेच तो झाला.

पवईची आयआयटी आणि टाटा केंद्र यांनी रुग्णाच्याच टी पेशी घडवून रक्ताच्या काही कर्करोगांवर तयार केलेल्या उपचाराला २०२३ च्या ऑक्टोबरात मान्यता मिळाली. परदेशात ज्याला तीन-चार कोटी लागतात तो येथे सुमारे ४० लाखांच्या घरात आला. कौतुकाची गोष्ट आहे. तथापि महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख आहे, हेही ध्यानात ठेवावे.

जिल्ह्याच्या ठिकाणी काय करता येईल? सोनाळ्याचा रोगी शेगावला गाडी धरून मुंबईला जातो आणि दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत जागा न मिळाल्यास रस्त्यालगत दिवस काढतो. त्यातील कित्येक दिवस केवळ तपासण्यांचे असतात. वस्तुतः गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत बसविला की तो वर्षानुवर्षे टिकतो आणि टपालानेही जाऊ शकतो. अडचण त्याच्या आधीची आहे. तुकडा काढल्याबरोबर योग्य प्रमाणातील फॉर्मलिनमध्ये, ठरलेल्या तासांपुरताच ठेवावा लागतो. त्यात हयगय झाली की जनुके वाचण्याजोगी राहत नाहीत. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात या कामात तरबेज असे दोन तंत्रज्ञ आणि मुंबई-नागपूरशी नियमित टपाल, एवढी ही मागणी आहे. त्यासाठी इमारत नको, उद्घाटन नको. म्हणूनच कदाचित ती कोणाच्या जाहीरनाम्यात येत नाही.

बहुतेक रोगी उशिरा येतात, तेव्हा आधी तोंडाची तपासणी आणि तंबाखूबंदीवर खर्च करावा, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे आणि तो खर्च आधी व्हावाच. परंतु जो रोगी आजच दारात आला आहे, त्याला त्याचा काय उपयोग? २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील रुग्णालयांनी ४० औषधांची एकत्रित मागणी नोंदवून भाव पाडले, तेव्हा बहुतेकांच्या किमती निम्म्याहूनही खाली आल्या. जनुकीय तपासण्यांचे दर आणि अल्प मात्रेच्या पुढील प्रयोगांचा खर्च याच मार्गाने ठरविता येईल. आरोग्य खात्याने निदान तपासणीचा दर योजनेच्या यादीत वेगळा दाखवावा, म्हणजे महागडे इंजेक्शन सुरू होण्यापूर्वी ती झाली होती की नाही, हे रोग्याच्या नातेवाइकांना कागदावरून तरी विचारता येईल.