शेकाट्यांना वाली कोण?

ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला जायचं तर आधी भरतीची वेळ बघायची, मग सुट्टी. खाडीत पुरेसं पाणी चढल्याशिवाय वन विभागाची बोट सुटत नाही. वरसाव्याहून घोडबंदर रस्त्याने निघायचं म्हणजे वाटेत गायमुखचा घाट, आणि तिथली कोंडी कुणाला सांगायला नको. म्हणून पहाटेच डबे भरले, लेकीला झोपेतच गाडीत घातलं आणि सासऱ्यांनाही आग्रहाने बरोबर घेतलं. "पक्षी बघायला तिकीट?" एवढंच म्हणाले आणि टोपी घालून बसले.

बोट कांदळवनाच्या कडेने निघाली. फ्लेमिंगो भरपूर होते. जवळून बघावं ते त्यांचं जेवण. मान खाली, चोच उलटी, पायाने चिखल ढवळत पुढे सरकायचं आणि पाणी गाळून शेवाळ टिपायचं. त्या शेवाळातल्या रंगद्रव्यामुळेच पिसं गुलाबी होतात, हे ऐकून लेक हरखली. मग तिने काठावरच्या एका काळ्या-पांढऱ्या, लांब लाल पायांच्या पक्ष्याकडे बोट दाखवलं. शेकाट्या, असं गाईडने सांगताच सासरे म्हणाले, "हा होय! हा तर आपल्या भाईंदरच्या मिठागरात रोजचा." उमेदीची वर्षं त्यांनी तिथे फावडं चालवलंय. पुढचा सगळा वेळ लेक दुर्बीण सोडून आजोबांचंच ऐकत होती.

माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून एकच प्रश्न आहे. ऐरोलीच्या शेकाट्याला जे संरक्षण आहे, ते भाईंदरच्या शेकाट्याला का नाही?

ठाणे खाडीतलं 1690 हेक्टर क्षेत्र 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. उत्तमच झालं. पण भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी टेकायला उथळ जागा शोधत अभयारण्याबाहेर पडतात. नेरूळचा डीपीएस तलाव ही अशीच एक जागा. तिथे भरतीचं पाणी येणं अडलं आणि 2024 च्या एप्रिलमध्ये फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर, 2025 मध्ये, राज्य वन्यजीव मंडळाने तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. पक्षी मेल्यावरच जाग यावी, ही आपली जुनी रीत.

मिठागरांची गत याहून वाईट. केंद्राच्या 2017 च्या पाणथळ नियमांत मीठ पिकवण्यासाठी बांधलेल्या जागा व्याख्येतूनच वगळल्या आहेत. म्हणजे गुडघाभर पाणी आहे, चिखल आहे, हिवाळ्यात लांबून आलेले पक्षी आहेत, तरी कागदावर ती पाणथळ नव्हे! किनारा नियमनाचे निर्बंध असतात, पण ते मुख्यतः पक्ष्यांसाठी लिहिलेले नाहीत. आणि मीठ पिकवणं थांबलं की तीच जागा 'पडीक' ठरते. 2024 मध्ये मुंबईतल्या मिठागरांची सुमारे 256 एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचं ठरलं. घरं लागतातच, मी स्वतः टॉवरमध्ये राहते. पण जागा निवडताना तिथे कोण उतरतं, एवढं तरी आधी मोजायला नको?

मिरा-भाईंदरमध्ये हे मोजणं अवघड नाही. भाईंदर सोडून गाडी वसईच्या खाडीकडे निघाली की खिडकीतून बगळे, शेकाट्या दिसतात, आणि खांद्यावर दप्तर असलेली पोरंही ते मोजू शकतात. शाळांनी, गृहसंकुलांनी हिवाळाभर नोंदी ठेवाव्यात, फोटोवर तारीख आणि जागा लिहावी. कुठल्याही आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा मुदत असते ती थोड्याच दिवसांची, आणि त्यात "इथे पक्षी येतात" एवढं नुसतं लिहून भागत नाही. म्हणून नोंदवही आत्ताच, याच हिवाळ्यात सुरू करा.