उंच माणूस नव्या संघात

तगडा सेंटर संघात आला की करंडक आलाच, असं ज्यांना वाटतं त्यांनी विल्ट चेंबरलेनचं उदाहरण बघावं. १९६८ मध्ये तो फिलाडेल्फियाहून लॉस एंजेलिस लेकर्समध्ये आला. सात फुटांहून उंच, आणि १९६१-६२ च्या मोसमात सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण काढलेला गडी. लेकर्सकडे जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर आधीपासूनच होते. कागदावर विषय तिथंच संपला होता.

मैदानावर अडचण झाली ती जागेची. बेलरचा खेळ बास्केटकडे घुसायचा, आणि नेमका त्याच वाटेत विल्ट ठाण मांडून उभा. प्रशिक्षकाशीही त्याचं पटेना. १९६९ च्या अंतिम फेरीत बोस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात गुडघा दुखावल्यामुळे तो बाहेर आला. थोड्या वेळानं परत जायला तयार झाला, पण प्रशिक्षकानं पाठवलं नाही. लेकर्स १०६-१०८ असे हरले.

मग १९७१ मध्ये बिल शर्मन प्रशिक्षक झाले. त्यांनी विल्टला सांगितलं की बास्केट कमी मार, रिबाउंड घे आणि चेंडू लगेच पुढं फेक, बाकीचे पळतील. पस्तीस वर्षांचा विल्ट सामन्यामागे १४.८ गुणांवर आला, रिबाउंड मात्र १९.२. संघानं सलग ३३ सामने जिंकले (हा विक्रम अजून मोडलेला नाही), मोसमात ६९ जिंकले आणि विजेतेपदही मिळवलं. बेलर त्याच मोसमाच्या सुरुवातीला निवृत्त झाला आणि ती विजयाची मालिका त्यानंतरच्याच सामन्यापासून सुरू झाली, हेही विसरू नये. बिचाऱ्या बेलरचं मला अजून वाईट वाटतं.

शॅकिल ओ'नील २००४ मध्ये मायामीला गेला. २००६ मध्ये संघ जिंकला, पण अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तरणा ड्वेन वेड. ड्वाइट हॉवर्डचं २०१२ मध्ये लेकर्समध्ये उलटं झालं. पाठीच्या शस्त्रक्रियेतून उठलेला, शेजारी पाउ गॅसॉलसारखा दुसरा उंच खेळाडू, चेंडू कोबीच्या हातात, आणि पाच सामन्यांत प्रशिक्षकच बदलला. हॉवर्ड रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला आला, संघ पहिल्याच फेरीत सॅन अँटोनियोकडून ०-४ असा बाहेर. तोच हॉवर्ड २०१९ मध्ये लेकर्समध्ये परतला तो बहुतेक वेळ बाकावरून उठून खेळायला, आणि २०२० मध्ये त्याच संघाबरोबर विजेता झाला.

आम्हा फौजींना बदल्यांची सवय आहे. पोस्टिंग ऑर्डरमध्ये माणसाचं नाव असतं, तारीख असते. नव्या युनिटमध्ये त्यानं कोणतं काम सोडून द्यायचं, हे कुणी लिहीत नाही. सध्या आमच्याकडे साडेसहा फुटी जवान बदलून आलाय. जुन्या युनिटमध्ये निम्मे गुण एकटाच काढायचा म्हणे. स्पर्धा पुढच्या महिन्यात, आणि पोरांनी करंडकासाठी कपाटात जागासुद्धा केलीय. आमचे गार्ड बुटके पण वाऱ्यासारखे पळणारे. ते याच्यासाठी थांबायला लागले तर दोन्हीकडून गेलो.

म्हणून संघ सांभाळणाऱ्या हवालदाराला मी सांगितलंय, पहिले पंधरा दिवस त्याचे गुण मोजायचेच नाहीत. रिबाउंड घेतल्यावर किती वेळा चेंडू एकही टप्पा न पाडता गार्डच्या हातात गेला, तेवढंच वहीत लिहायचं. हवालदाराला हे फारसं पटलेलं नाही. पण वही त्यानं आणलीय.