विश्लेषण : सर्व्हर जळाला, गेममधले जग परत का आले नाही?

१० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएचक्लाऊड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ‘एसबीजी२’ ही पाच मजली इमारत जळून गेली, शेजारच्या ‘एसबीजी१’चाही काही भाग गेला. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. मात्र ‘रस्ट’ या ऑनलाइन गेमचे युरोपातील २५ सर्व्हर तिथेच होते. सर्व्हर पूर्णपणे नष्ट झाले असून डेटा परत आणता येणार नाही, असे गेमची निर्माती फेसपंच स्टुडिओजने त्याच दिवशी जाहीर केले.

खेळाडूंचे किती गेले?

रस्टमध्ये दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी अपडेटसोबत नकाशा तसाही पुसला जातो. त्या महिन्यात तो ४ तारखेला पुसला गेला होता, म्हणजे नुकसान सहा दिवसांच्या बांधकामांचे. ‘माइनक्राफ्ट’मध्ये मित्रमंडळी एकच जग वर्षानुवर्षे उभारत असतात. तिथे असे झाले असते तर?

बॅकअप होता, पण कुठे?

खरी मेख इथे आहे. याच आगीत डेटा गमावलेली एक ग्राहक कंपनी न्यायालयात गेली. तिने बॅकअपसाठी वेगळे पैसे मोजले होते, पण बॅकअप मूळ सर्व्हरच्याच इमारतीत ठेवलेला निघाला. जानेवारी २०२३ मध्ये लील येथील वाणिज्य न्यायालयाने ओव्हीएचला भरपाई देण्यास सांगितले.

जग परत कसे आणतात?

माइनक्राफ्टचे जग म्हणजे शेवटी एक फोल्डरच. सर्व्हर चालू असताना तो नुसता कॉपी केला तर अर्धवट लिहिलेल्या फाइल हाती लागतात. म्हणून आधी ‘सेव्ह-ऑफ’, मग ‘सेव्ह-ऑल’ ही आज्ञा देऊन कॉपी करतात आणि नंतर ‘सेव्ह-ऑन’. परत आणताना सर्व्हर बंदच हवा. सध्याचा फोल्डर, बिघडलेला असला तरी, बाजूला जपून ठेवायचा. घाईत नेमका तोच डिलीट होतो.

जमीन आणि खेळाडूंची झोळी एकाच वेळच्या बॅकअपमधली हवी. नुसती जमीन मागे नेली, तर पेटीतून काढलेले हिरे झोळीतही राहतात आणि पेटीतही परत येतात. बॅकअप रात्री १२ चा आणि बिघाड संध्याकाळी ६ चा असेल, तर मधल्या अठरा तासांचा खेळ जातोच. त्यातले कोणाला काय द्यायचे, हे सर्व्हर चालवणाऱ्यालाच बसून ठरवावे लागते आणि भांडणे तिथेच होतात.