कपाटं मोजून झाली, आता माणसं मोजा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सार्वजनिक ग्रंथालयांचं मूल्यमापन, ग्रंथपालाचा पगार आणि ग्रंथालय उपकर

महोदय,


आपल्या खात्याकडे विद्यापीठं आहेत, अभियांत्रिकीचे प्रवेश आहेत, प्राध्यापक भरती आहे. या गर्दीत ग्रंथालय संचालनालयाची फाईल टेबलावर खाली जाते, हे समजण्यासारखं आहे. पण राज्यातल्या सुमारे अकरा-बारा हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचा कारभार त्याच फाईलमध्ये आहे. विद्यापीठाच्या दारात जाण्यासाठी गुणपत्रिका लागते. वाचनालयात जाण्यासाठी काहीच लागत नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ते आपल्याइतकंच वाचनालयांच्या कार्यकारिणीवर बसणाऱ्यांनी आणि वर्गणी भरणाऱ्यांनीही वाचावं.

महाराष्ट्रातली बहुतेक ग्रंथालयं सरकारने काढलेली नाहीत. रत्नागिरीचं 1828 मधलं, नगरचं 1838 मधलं, नाशिकचं 1840 मधलं, पुण्याचं 1848 मधलं आणि कोल्हापूरचं 1850 मधलं ही आपली सर्वांत जुनी वाचनालयं. त्यांतल्या काहींच्या मुळाशी इंग्रज अधिकाऱ्यांचा पुढाकार होता, पण टिकवली ती गावातल्या वर्गणीदारांनी. पुढे 1893 मध्ये ठाण्याचं आणि 1898 मध्ये मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं, ते तर मराठी पुस्तकं एका जागी जमावीत एवढ्याच हट्टापायी. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला, मद्रासच्या प्रसिद्ध कायद्याच्या तीन वर्षं आधी. राज्याचा 1967 चा अधिनियम 1 मे 1968 पासून लागू झाला. त्याने लोकांची संस्था लोकांच्याच हाती ठेवली आणि सरकारने फक्त अनुदान द्यायचं ठरवलं. हा निर्णय शहाणपणाचा होता. माझी तक्रार त्याबद्दल नाही, अनुदान ज्या मापाने ठरतं त्या मापाबद्दल आहे.

आज ग्रंथालयाचा वर्ग अ, ब, क की ड, हे मुख्यतः पुस्तकं किती, वृत्तपत्रं आणि नियतकालिकं किती, उघडं किती तास, कर्मचारी किती, यावरून ठरतं. सभासदांचा आकडाही कागदावर असतो, पण तो फाडलेल्या पावत्यांचा. तपासणीला आलेला अधिकारी दाखलनोंदवही पाहतो, देवघेवीचं रजिस्टर चाळतो, कीर्दखतावणी तपासतो आणि शेरा मारून जातो. गेल्या वर्षभरात कोणतं पुस्तक सर्वांत जास्त हातांतून फिरलं, कोणत्या वस्तीतून एकही मूल आलं नाही, दुपारी येणाऱ्या बायका का कमी झाल्या, हे त्याने विचारायचं नसतं, कारण नमुन्यात तसा रकानाच नाही.

मापाचा परिणाम कामावर होतोच. पुस्तकांची संख्या दाखवायची म्हटल्यावर मार्चअखेर सवलतीत मिळतील ती पुस्तकं घेतली जातात. कपाट भरतं, नोंद पूर्ण होते आणि त्यातली निम्मी पुस्तकं दोरा न सुटता पडून राहतात. 2012 मध्ये सरकारने महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर पडताळणी केली, तेव्हा काही ग्रंथालयं निव्वळ कागदावर असल्याचं उघड झालं. खोटी ग्रंथालयं बंद व्हायलाच हवी होती. पण पुढे अनेक वर्षं नव्या मान्यता आणि वर्गबदल थांबले, त्याची शिक्षा प्रामाणिक संस्थांनाही झाली. ‘ड’ वर्गातून वर यायच्या योग्यतेचं वाचनालय तिथेच खोळंबलं. कपाटं मोजून लबाडी ओळखता येत नाही, कारण कपाटं आणि पुस्तकं चार दिवसांत उसनी आणता येतात.

मग वाचनालय ओळखायचं कशावरून? कुठल्याही तालुक्याच्या गावी, दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत तिथे बसून पाहावं. सकाळी पेन्शनर मंडळी वर्तमानपत्रांसाठी येतात. दुपारची वेळ बायकांची. कादंबरी बदलायला आलेली बाई ग्रंथपालाला ‘मागच्या वेळेसारखंच काहीतरी द्या’ एवढंच सांगते, आणि चांगल्या ग्रंथपालाला तेवढं पुरतं. दिवाळीनंतर तर पुढचे काही महिने हंगामच असतो. अंकांसाठी वेगळी वर्गणी भरून एकेक अंक घरी न्यायचा, चार दिवसांत परत करायचा आणि पुढचा घ्यायचा. दिवाळी अंकांचं अर्थकारण वाचनालयांच्या खरेदीवर किती उभं आहे, हे कुठल्याही संपादकाला विचारावं. अंक विकत घेणारा एक असतो, पण वाचनालयातला एक अंक पंधरा-वीस घरांतून फिरतो.

आणि अलीकडे सर्वांत मोठी गर्दी अभ्यासिकेत असते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली सकाळी डबा घेऊन येतात ती रात्री दिवे मालवेपर्यंत बसतात. ‘हे वाचक नव्हेत, यांना खुर्ची आणि पंखा हवा’ असं जुने सभासद कुरकुरत म्हणतात. खुर्ची आणि पंखा हवाच आहे. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं राहत असतील तर शांत टेबल ही चैन नाही. जिच्या घरचे तिला एकटीला फारसं कुठे जाऊ देत नाहीत, त्या मुलीला ‘वाचनालयात जाते’ हे कारण पुरतं. पण हीच मुलं परीक्षा सुटली की वाचनालयातून गायब होतात, कारण अभ्यासिका आणि देवघेव विभाग यांच्यामध्ये कोणी पूल बांधलेला नाही. वर्षानुवर्षं त्या इमारतीत बसून एकही कादंबरी घरी न नेलेला तरुण, हे त्या तरुणाचं अपयश म्हणता येणार नाही.

माणसांना धरून काम करणारी उदाहरणं आपल्याकडेच आहेत. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाने पुस्तकांबरोबर नाट्यगृह आणि वस्तुसंग्रहालयही सांभाळलं, त्यामुळे नाटकाला आलेल्या माणसाचीही वाचनालयाशी ओळख राहते. नाशिकच्याच कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेने 2009 पासून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे पाठवल्या. माणूस पुस्तकाकडे येत नसेल तर पुस्तक माणसाकडे जाईल, एवढाच तिचा विचार. पाचगणीजवळचं भिलार 2017 मध्ये पुस्तकांचं गाव झालं. तिथे पुस्तकं लोकांच्या घरांत, देवळांत, शाळेत ठेवलेली आहेत. पण यातला प्रत्येक प्रयोग कोणाच्या तरी हौसेवर किंवा खास योजनेवर उभा आहे. साध्या ‘क’ किंवा ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाने असं काही केलं, तर अनुदानाच्या हिशेबात त्याची कवडीची नोंद होत नाही.

शेजारच्या कर्नाटकाने 2019 मध्ये साडेपाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालयं ग्रामविकास व पंचायत राज खात्याकडे सोपवली. करोनाच्या काळात शाळा बंद पडल्या तेव्हा, 2020 मध्ये, ‘ओदुव बेळकु’ मोहिमेतून 6 ते 18 वयाच्या गावातल्या मुलांना ग्रंथालयाचं सभासदत्व मोफत दिलं. ‘आमच्या गावातली किती मुलं सभासद झाली’ हा प्रश्न त्यानंतर पंचायतीच्या बैठकीत विचारला जाऊ लागला. एवढ्या एका बदलाने ग्रंथालय हा गावचा विषय झाला. आपल्याकडे सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांतल्या किती ग्रामसभांमध्ये वाचनालयावर वर्षातून एकदा तरी चर्चा होते?

आता पैशांबद्दल. नोव्हेंबर 2022 मध्ये मंत्रिमंडळाने ग्रंथालयांच्या अनुदानात 60 टक्के वाढ केली, त्याबद्दल आभार. पण ती झाल्यावरही ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला 48 हजार रुपये मिळतात. त्यातला निम्मा भाग पगाराचा धरला, तर ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला 2,000 रुपये येतात. रोजगार हमीच्या कामावर साधारण आठवडाभरात एवढी मजुरी होते. या पैशांत माणसाने झाडून काढावं, पेपर लावावेत, नोंदी कराव्यात, पोरांना गोष्टी सांगाव्यात आणि अनुदानाचा हप्ता लांबला तर त्याचीही वाट पाहावी. वाचनालय म्हणजे हा माणूस. तो टिकला नाही तर बाकी सगळं फर्निचर आहे.

पैसा कुठून आणायचा, याचं उत्तर इतर राज्यांनी दिलेलं आहे. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ इथे मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे. गोव्याने आपल्या 1993 च्या कायद्यात ग्रंथालयांसाठी मद्यावर अधिभार ठेवला. पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय, ज्याचा वारसा 1832 पासूनचा आहे, आज पाट्टो भागातल्या प्रशस्त इमारतीत आहे. आपल्या 1967 च्या अधिनियमात उपकर नाही. घरपट्टीच्या पावतीवर दिवाबत्ती कर असतो, आरोग्य कर असतो. शहरात शिक्षण कर आणि वृक्ष करही असतो. रस्त्यावर दिवा लागावा म्हणून पैसे देणारा माणूस वाचनालयातल्या दिव्यासाठीही देईल, मात्र ते पैसे तिथेच पोचले पाहिजेत. उपकर गोळा करून स्थानिक संस्था तो ग्रंथालयांपर्यंत पोचवत नाहीत, ही ओरड त्या राज्यांतही आहे. म्हणून आपण कायदा करताना उपकराचं वेगळं खातं आणि ठरलेली मुदत, दोन्ही कलमांतच लिहावीत.

माझ्या मागण्या चार आहेत.

पहिली, वार्षिक अहवालाचा नमुना बदला. किती पुस्तकं आहेत याआधी किती पुस्तकं घरी गेली, ती कोणी नेली, त्यांत मुलं किती, स्त्रिया किती, अभ्यासिकेतले किती, नवे वाचक किती, हे विचारा. तीन वर्षांत एकदाही न हललेल्या पुस्तकांची यादी मागा. वर्ग ठरवताना या उत्तरांना निम्मं वजन द्या.

माणसं मोजायला लागलो तर खोट्या सह्यांची रजिस्टरं तयार होतील, ही शंका खरी आहे. म्हणून दुसरी मागणी : हा अहवाल आधी 1 मेच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या सभेत वाचून दाखवावा आणि मगच संचालनालयाकडे जावा. तपासणी अधिकाऱ्याला पंधरा मिनिटं फसवता येतं. गावातली मुलं वाचनालयात जातात की नाही हे गावाला रोज दिसतं, त्याला फसवणं अवघड आहे. ज्या दिवशी अधिनियम लागू झाला, त्याच दिवशी त्याचा हिशेब गावासमोर मांडला जाईल.

तिसरी, ग्रंथपालाचा पगार संस्थेला मिळणाऱ्या अनुदानापासून वेगळा काढा आणि दरमहा थेट त्याच्या खात्यात जमा करा. संस्थेच्या राजकारणात कोण निवडून आलं यावर त्याची चूल अवलंबून असू नये.

चौथी, अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला शासनमान्य ग्रंथालयाचं सभासदत्व मोफत करा आणि बुडालेल्या वर्गणीची भरपाई उपकरातून द्या. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेचा आठवड्यातला एक तास जवळच्या वाचनालयात भरू द्या.

‘आता वाचतं कोण’ असं आपल्याला अनेकजण सांगतील. त्यांना एखाद्या अभ्यासिकेत जागा मिळवून दाखवायला सांगा. वाचणारे आहेत. त्यांना काय हवं, हे सरकारने अजून लेखी विचारलेलं नाही. येत्या आर्थिक वर्षाच्या वार्षिक अहवालाचा नमुना छापायला जाण्याआधी ते विचारणारे रकाने त्यात घाला. त्यासाठी विधानसभेत नवा कायदा करावा लागणार नाही, उपकरासाठी लागेल. पहिलं काम आपल्या सहीने होण्यासारखं आहे, ते आधी करा. उपकराचं विधेयक पुढच्या अधिवेशनात आणा.



आपला,
एका वाचनालयाचा वर्गणीदार सभासद