तटाच्या आतली तक्रार



यंदाच्या अंकाचा विषय ‘संकटकाळातील नेतृत्व’ असा ठरला, तेव्हा पहिली नावे सुचली ती अर्थातच आपल्या मातीतली. त्यांच्यावरचे लेख आत आहेतच. संपादकीयासाठी मात्र आम्ही बायबलच्या जुन्या करारातला एक कारभारी निवडला आहे: नहेम्या. मोशेसारखा त्याच्यासाठी समुद्र दुभंगला नाही. त्याने एका उद्ध्वस्त शहराचा तट बांधून घेतला, इतकेच.

पर्शियाचा राजा अर्तहशश्त याचा तो प्यालेबरदार. यरुशलेमचा तट पडला, वेशी जळाल्या, ही बातमी त्याला शूशनच्या राजवाड्यात कळली. राजाची परवानगी आणि लाकडासाठी पत्र घेऊन इ.स.पू. ४४५च्या सुमारास तो यरुशलेमला आला. तीन दिवस कोणाशी काही बोलला नाही. मग मोजकी माणसे घेऊन रात्री पडक्या तटाची पाहणी केली आणि त्यानंतरच लोकांपुढे बेत मांडला. अनेकांच्या वाट्याला आपापल्या घरासमोरचाच भाग आला. याजक राबले, सोनार राबले, एका अधिकाऱ्याच्या मुलीही राबल्या. तकोवाच्या सरदारांनी मात्र कामाला खांदा दिला नाही. त्याच्याच नावाच्या ग्रंथात तीही नोंद आहे. हल्ल्याच्या भीतीने निम्मे लोक भाले घेऊन पहाऱ्यावर असत. ५२ दिवसांत तट पुरा झाला.

इथवरची गोष्ट व्यवस्थापनाच्या कोणत्याही व्याख्यानात खपेल. खरी कसोटी पाचव्या अध्यायात आहे. काम चालू असतानाच गोरगरीब, बायकांसह, गाऱ्हाणे घेऊन आले. दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण पडली होती. राजाचा सारा भरायला कर्ज काढले होते. पोटची मुले गुलामीत चालली होती. आणि सावकार कोण? त्यांचेच भाऊबंद.

‘शत्रू दाराशी आहे, तक्रारींचे नंतर पाहू’, असे म्हणून त्यांना वाटेला लावणे सोपे होते. नहेम्याने सभा बोलावली, धनिकांना सर्वांसमक्ष जाब विचारला आणि आपण व आपले भाऊही उसने देणाऱ्यांत आहोत, हे त्याच सभेत सांगितले. गहाण जमिनी आणि घेतलेले व्याज परत करण्याची शपथ घेववली. स्वतः सुभेदार असताना १२ वर्षे हक्काचा भत्ता घेतला नाही, कारण त्याचा भार रयतेवर पडला असता.

असे गाऱ्हाणे वेळेत कोणी ऐकले नाही की काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली, कर्जरोखे जाळले. दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला तो १८७९मध्ये, आगी विझल्यानंतर.

नहेम्या निर्दोष नव्हता. परजातीय बायका करणाऱ्यांपैकी काहींना त्याने मारहाण केली, त्यांचे केस उपटले, हेही तोच सांगतो. आतल्यांना न्याय देणारा बाहेरच्यांबाबत कठोर असू शकतो, हे विसरून त्याला डोक्यावर घेऊ नये.

तरी एक मोजपट्टी त्याच्याकडून घ्यावीच. पूर असो, दुष्काळ असो की साथ, एकजुटीची हाक प्रत्येक पुढारी देतो. ती देण्याचा अधिकार त्यालाच, जो त्याच गर्दीत कर्जाची, भुकेची तक्रार ऐकतो आणि झळ सोसणाऱ्यांत पहिले नाव स्वतःचे घालतो. आतले लेख वाचताना ही मोजपट्टी हाताशी ठेवा. आमच्या आवडत्या नावांनाही ती लावा.

 

– संपादक